चौतिसावी खेळी

माझं पुस्तक पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. 'हातातोंडाशी' हे त्याचं नाव. गाजलेल्या जुन्या डावांमध्ये जिंकणारी खेळी पटावर होती, पण खेळणाऱ्याने ती खेळली नाही, असे साठ डाव मी संगणकाकडून तपासून घेतले होते आणि प्रत्येकाखाली चार खोचक ओळी लिहिल्या होत्या. मेलेल्या मोठ्या खेळाडूंच्या चुका काढायला फारशी हिंमत लागत नाही. ते उत्तर द्यायला येत नाहीत, आणि शेजारी संगणक बसलेला असला की कुणालाही शहाणपण सुचतं.

साठातला पहिला डाव मात्र माझाच होता. १९८९, राज्य महिला स्पर्धा, सोलापूर, शेवटची फेरी. पांढरी मोहरी हसीना जमादार, मिरजेची. काळी मोहरी मी, मृणाल सबनीस, सांगलीची. चौतिसाव्या खेळीला हसीनाने आपला हत्ती ई-सहा या घरात नेऊन माझ्या प्याद्याच्या तोंडी फुकट ठेवला असता, तर पुढच्या सहा खेळींत माझ्यावर मात होती. तिने तो नेला नाही. राजा एक घर सरकवला, आणि पुढे मी जिंकले. त्या डावाखाली मी लिहिलं होतं, 'प्रतिस्पर्धी खेळाडूला ही खेळी दिसलीच नाही. हत्ती फुकट द्यायला छाती लागते, ती सगळ्यांकडे नसते.'

ही ओळ मी तीस वर्षं माझ्या वर्गातल्या मुलांना वाचून दाखवली. मुलं त्या जागी हमखास हसायची, आणि ती हसावीत म्हणून मी तिथे किंचित थांबायचे.

यंदा, म्हणजे २०४१ साली, प्रकाशकाला पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. साधी नाही, 'ठाव'ची तपासणी लावून. ठाव हे माझ्या केतकीचं यंत्र. केतकी पाटणकर सहा वर्षांची असताना माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला आली, पुढे माझ्यापेक्षा बरी खेळली आणि नंतर खेळ सोडून यंत्रं बनवायला लागली. तिचं यंत्र आहे म्हटल्यावर मी प्रकाशकाला लगेच होकार दिला. शिष्येचं कौतुक करण्याच्या नादात मी काय कबूल केलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

जिंकणारी खेळी संगणक शोधून देतो, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाव त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. खेळी होती हे ठीक, पण माणसाला ती दिसली होती का? त्यासाठी तो त्या खेळाडूचे मिळतील तेवढे डाव वाचतो आणि त्यांतून तिची एक नक्कल तयार करतो. ही नक्कल हुशार नसते. ती त्या खेळाडूइतकंच बघते, ती जिथे गडबडायची तिथेच गडबडते. मग ही नक्कल त्याच पटावर, घड्याळात तेवढाच वेळ ठेवून, हजारो वेळा बसवायची आणि किती वेळा तिला ती खेळी दिसते ते मोजायचं.

याशिवाय जुने कागद असतात. पूर्वी प्रत्येक खेळाडू आपला डाव हाताने लिहायचा आणि शेवटी तो कागद पंचाकडे जमा करायचा. ठाव त्या कागदावरची शाई थराथराने सोडवतो. खोडलं असेल तर खाली काय होतं, पेन कुठे दाबलं, कुठे थबकलं, सगळं वेगळं काढून दाखवतो. शेवटी तो फक्त दोन शब्दांत निकाल देतो. 'दिसली नाही' किंवा 'दिसून सोडली'.

दुसरा निकाल भलताच महाग पडला. अकोल्याकडच्या एका घरात काकाने पुतण्याला पदक मिळावं म्हणून हातचा डाव सोडला होता, हे चाळीस वर्षांनी उघड झालं. पुतण्याने पदक परत पाठवलं आणि काकाशी बोलणं टाकलं. अशी पाच-सात प्रकरणं झाल्यावर नियम आला की दोन्ही खेळाडू हयात असतील तर दोघांच्या सहीशिवाय त्या डावाचा निकाल जाहीर करायचा नाही. हसीनाने पहिल्याच दिवशी सही केली होती. माझी बाकी होती, आणि ती एक औपचारिकता आहे असंच सगळे धरून चालले होते.

मार्चमधल्या एका सकाळी केतकी सांगलीत माझ्या विश्रामबागेतल्या घरी आली. तिने जेवणाच्या टेबलावर पडदा उलगडला आणि चहा ओतायच्या आधीच बोलायला लागली.

"ताई, तुमच्या पहिल्या डावात एक वाक्य बदलावं लागणार. हसीनाबाईंना खेळी दिसली होती. ठाव सत्त्याण्णव टक्के म्हणतोय, आणि टक्के कशाला, हे बघा ना."

पडद्यावर हसीनाचा कागद होता. ते तिरकं, बारीक अक्षर मी बावन्न वर्षांनी पाहत होते. चौतिसाव्या ओळीवर गिरगटून खोडलेलं होतं. केतकीने बोट फिरवलं तशी वरची शाई निघून गेली आणि खाली स्वच्छ अक्षरात राहिलं, हत्ती ई-सहा.

"लिहून सहा मिनिटं त्या थांबल्यात. वेळेच्या दोन नोंदी आहेत शेजारी. मग खोडून राजा हलवलाय." केतकी मान तिरकी करून माझ्याकडे बघायला लागली. "आता खरी गंमत तुमच्या कागदावर आहे. यंत्रालाही ती कळलेली नाही."

माझ्या कागदावरही चौतिसाव्या ओळीत खोडलेलं होतं. तिने तेही पुसलं. खाली होतं, वजीर डी-दोन.

"हे तुम्ही कशाला लिहिलंत, ताई? त्यांचा हत्ती ई-दोनवर आहे. तो तिथे असताना तुमचा वजीर डी-दोनवर गेला तर फुकट मरतो. हत्ती तिथून निघून ई-सहावर गेला तरच ही खेळी लिहिण्यात काही अर्थ. पण तो गेलाच नाही. न खेळलेल्या खेळीला तुम्ही उत्तर लिहून ठेवलंय."

"घाईत लिहिलं असेल," मी म्हणाले. "वेळ संपत आली होती. ओळ चुकली."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि निश्चिंतपणे चहाचा कप उचलला.

तिने विश्वास ठेवला. चिमूटभरही शंका न घेता ठेवला. यंत्रासमोर मी उघडी पडले असते तरी वाटली नसती, इतकी लाज त्या एका वाक्याची वाटली. ती गेल्यावर मी कप विसळत नळापाशी उभी राहिले आणि बराच वेळ नळ बंद करायचं भान नव्हतं.

आता खरं काय झालं ते सांगते.

हसीना आणि मी दोघीही दातार मास्तरांच्या शिष्या. सांगलीत वाचनालयाच्या मागच्या खोलीत ते आम्हाला शिकवायचे. त्यांचा एक दंडक होता. आधी लिहायचं, मग झाकायचं, मग बघायचं, मग खेळायचं. म्हणजे खेळी ठरली की ती आधी कागदावर लिहायची, शेजारी वेळ टाकायची, मनगटावरचं घड्याळ काढून त्या ओळीवर ठेवायचं आणि पटाकडे पुन्हा एकदा नव्या नजरेने बघायचं. चूक असली तर ती तेव्हा दिसते. पुढे हा नियम बदलला, आधी खेळून मगच लिहायचं असं ठरलं. पण त्या काळी सगळे असंच करायचे.

हसीनाकडे मनगटी घड्याळ नव्हतं. तिचे अब्बा मिरजेत सतारी बनवायचे आणि त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकान कसंबसं चालायचं. त्यामुळे तिची लिहिलेली खेळी उघडी राहायची. समोर बसणाऱ्याने तिकडे बघायचं नाही, हा आमच्यातला अलिखित नियम होता. मास्तर म्हणायचे, दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये.

त्या दिवशी मी डोकावले. उलटी अक्षरं वाचायला मला अर्धा क्षण लागला आणि आपण संपलो हे कळायला एक मिनिट. त्या स्पर्धेतल्या विजेतीला एक बँक खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी देणार होती. हसीनाला ती नोकरी हवी होती, कारण ती मिळाली तरच घरचे तिला पुढे खेळू देणार होते. माझ्या घरी काही उपासमार नव्हती, हे मुद्दाम सांगते. बाबा तहसील कचेरीत होते, वर्षाचं धान्य भरलेलं असायचं. मला फक्त हरायचं नव्हतं.

मी बाबांनी दिलेलं घड्याळ कागदावरून बाजूला केलं. तिने अजून हत्तीला हात लावलेला नव्हता. मी तिच्या देखत, ठळक अक्षरात, जराही न थांबता वजीर डी-दोन लिहिलं. जणू मी तिच्या हत्तीची वाटच बघत बसले होते. मग पेन खाली ठेवलं आणि पाणी प्यायला उठले. ती खेळी शुद्ध बकवास होती. चार खेळींत मी मेले असते.

परत आले तेव्हा तिची ओळ खोडलेली होती आणि राजा एक घर सरकलेला होता. मीही माझी ओळ खोडली.

डाव संपल्यावर जिन्यात तिने मला गाठलं. डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा. "हत्ती ई-सहावर तू वजीर डी-दोन लिहिलंस. मला त्याच्या पुढचं काय दिसंना. काय होतं गं?"

मी म्हणाले, "नाही दिसणार. खोल आहे ते."

नोकरी मला मिळाली. पस्तीस वर्षं केली, अजून निवृत्तिवेतन खातेय, माझ्या नावाचा वर्ग आहे, भिंतीवर सन्मानचिन्हं आहेत. हसीनाने पुढच्याच वर्षी खेळ सोडला असं कानावर आलं होतं. का सोडला, हे मी कधी विचारलं नाही.

तीन दिवस विचार करून मी केतकीला फोन केला आणि सांगितलं की पहिला डाव काढून टाक, मी सही करत नाही. कारण काय देऊ याची मी तयारी करून ठेवली होती, पण तिने कारण विचारलंच नाही.

"ठीक आहे, ताई. तुमचा हक्क आहे तो," ती म्हणाली. "फक्त हसीनाबाईंना काय सांगू ते सांगा. त्या रोज फोन करतात."

"रोज?"

"रोज सकाळी दहाला. एकच विचारतात, मला दिसली होती का गं बाळ? त्यांना स्वतःला आठवतंय की दिसली होती. पण पुतण्याकडे तुमचं पुस्तक आहे आणि त्यात छापलंय की दिसली नाही. घरात चेष्टा करतात म्हणे, हरल्यावर सगळ्यांनाच दिसते म्हणून. काल म्हणाल्या, आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

डाव मी चोरला होता हे मला बावन्न वर्षं माहीत होतं आणि त्याच्यासोबत जगायची मला सवय झाली होती. पण मी तिची आठवणही चोरली होती. तिने डोळ्यांनी बघितलेली गोष्ट बघितलीच नाही असं मी छापलं, आणि ती बिचारी माझ्या छापलेल्या ओळीवर विश्वास ठेवायला लागली होती.

"तिला काही सांगू नकोस," मी म्हणाले. "मी जाऊन सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सही पाठवली. मग केतकीला फोन करून वजीर डी-दोन का लिहिलं ते सगळं सांगितलं, जिन्यातल्या वाक्यासकट, आणि हे सगळं पुस्तकात घाल म्हणाले.

"बरं, मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा वर्षांची असल्यापासून तिने मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं.

मिरजेत सतारीच्या दुकानांची गल्ली अजून आहे. यंत्रं सतारीसुद्धा कापून देतात आता, पण शेवटची जवारी, म्हणजे ज्या हाडाच्या पट्टीवर तारा टेकतात ती घासून आवाज उघडायचं काम, कानानेच करावं लागतं. हसीना चटईवर बसून तेच करत होती. पुतण्या बाहेरच्या बाजूला भोपळ्यांना रोगण लावत होता. ती पट्टीवरून कानस फिरवायची, तार छेडायची, मान वाकवून ऐकायची, पुन्हा घासायची. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून तिने तार हाताने थांबवली.

"मृणाल न्हवं तू? बस की. चहा सांगते."

"चहा नको. आधी मला बोलू दे."

मी बसले आणि बोलले. आधी ठावचा निकाल सांगितला, मग तिच्या कागदात डोकावले तिथून सुरुवात केली. घड्याळ बाजूला केलं ते सांगितलं, पाणी प्यायला उठले ते सांगितलं. मध्ये एकदा 'तेव्हा वय लहान होतं' असं तोंडात आलं, ते मी गिळलं. एकोणीस वर्षांची मी आणि एकोणीस वर्षांचीच ती होती.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदा काय केलं असेल, तर पुतण्याला हाक मारली.

"इम्रान, ऐकलंस काय रे? मला दिसली होती. मशीनबी म्हणतंय, हीबी म्हणतीया. दिसली होती मला."

ती हसत होती. पोरीसारखी, तोंडावर हात ठेवून हसत होती. मी शिव्यांची तयारी करून आले होते, रडण्याची करून आले होते. या हसण्यापुढे कुठे बघावं ते मला कळेना. मी चटईच्या काडीशी चाळा करत बसले.

मग ते हसू हळूहळू थांबलं.

"मग तू जिन्यात खोल आहे म्हणालीस, ते?"

"खाली काही नव्हतं, हसीना. ती खेळी खोटीच होती."

तिने कानस बाजूला ठेवली. "मी किती वर्षं बघितलं ते तुला ठावं आहे का? हिथंच, ह्या फळीवर पट मांडून ठेवायची. वजीर डी-दोन, पुढं काय? काम करता करता बघायची. सापडायचं न्हाई. म्हटलं, मृणालला एका मिनिटात दिसलं ते मला वर्षात दिसंना, मग हा खेळ आपला न्हवं. तिथंच सोडला मी. सोडला तरी बघायची थांबले न्हाई. वीस वर्षं बघितलं."

मी त्या फळीकडे बघितलं.

"मग तुझं पुस्तक आलं. त्यात कॉम्प्युटर म्हणतोय, हत्ती ई-सहाला उत्तरच न्हाई. मला वाटलं, म्हंजे मृणालचंबी चुकलं होतं. तिनं चुकून लिहिलं, मी चुकून घाबरले. दोघी एकाच मास्तरच्या, दोघींची एकच चूक. बरं वाटलं मला. मला दिसली न्हाई असं लिहिलंस ते वाचून जरा लागलं, पण म्हटलं वीस वर्षं झाली, विसरली असेल."

"विसरले नव्हते."

"आता कळलं."

"मला माफ कर, हसीना."

"ते मागनं बघू," ती म्हणाली. तिने उठून फळीवरचा एक डबा काढला, त्यातला पट झटकून चटईवर पसरला आणि मोहरी मांडायला लागली. जुना डाव कुठेही न बघता मांडत होती. चौतिसाव्या खेळीच्या आधीचा पट, एकेक प्यादं आपापल्या घरात. काळी बाजू तिने माझ्याकडे फिरवली. मग तारांच्या पुडक्यावरचा कागद फाडला, सपाट केला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"तुझं घड्याळ काढ."

बाबांचं चावीचं घड्याळ अजून माझ्या मनगटावर असतं. वर्गातली मुलं त्याला हसतात. मी ते काढून दिलं. तिने कागदावर काहीतरी लिहिलं, त्या ओळीवर घड्याळ आडवं ठेवलं आणि पटाकडे बघायला लागली.

"हात मांडीवर ठेव. पाण्याला उठायचं न्हाई."

मी हात मांडीवर ठेवले. ती बघत राहिली. बाहेर पुतण्याचा ब्रश थांबला होता. घड्याळाची टिकटिक मला ऐकू येत होती आणि मी कुठेही न डोकावता फक्त पटाकडे बघत बसले. सहा मिनिटं झाली असतील, जास्तच झाली असतील. मग तिने हत्ती उचलला आणि ई-सहावर ठेवला, माझ्या प्याद्याच्या तोंडी.

मी माझा राजा आडवा करायला हात पुढे केला.

"तसं न्हाई," ती म्हणाली. "खेळून दाखव. सगळ्या खेळ्या."

आम्ही सगळ्या खेळलो. प्रत्येक खेळी तिने आधी लिहिली, माझ्या घड्याळाखाली झाकली, पुन्हा एकदा बघितली आणि मगच खेळली. सहाव्या खेळीला माझ्या राजाला एकही घर उरलं नाही. तिने तो कागद घडी करून पुतण्याकडे दिला, पुस्तकात ठेव म्हणाली, आणि पुन्हा कानस उचलली.

मी थोडा वेळ बसले आणि उठले. घड्याळ चटईवरच होतं. ते मी परत मागितलं नाही.